चाळीसवर अडलेला काटा

नांदेडच्या चार माणसांच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात मुबश्शिराची खोड सगळ्यांना ठाऊक होती. दुसऱ्यानं लिहिलेला कोड वापरायचा, तर ती त्याचा सोर्स, म्हणजे वाचता येईल असा मूळ मजकूर मागायची आणि स्वतः कंपाइल करायची. कंपाइल झालेली तयार फाइल चालते, पण आत काय आहे ते वाचता येत नाही. तिला तेच पटायचं नाही.

"मॅडमला लोणचं बी बरणीतलं चालत न्हाई," शेजारच्या टेबलावरचा अंबरीश चिडवायचा. "आधी आंब्याचं झाड दाखवा!"

"कैरी सडकी निघाली तर तू खाणार हायेस का?"

धर्माबादच्या कामात मात्र तिनं हट्ट सोडला. एकटीवर सोपवलेलं हे तिचं पहिलंच काम. व्यंकटी आडतदाराच्या मिरची तोलायच्या नव्या काट्याला कॉम्प्युटर जोडायचा होता. काट्याचा आकडा वाचणारा कोड एका कंपनीनं दोन्ही रूपांत दिला होता. सोर्स तीन दिवस झाले तरी कंपाइल होईना. मंगळवारी सौदे सुरू होणार होते. शेवटी तिनं तयार फाइल जोडली आणि पाच मिनिटांत स्क्रीनवर वजन उमटलं.

सोमवारी चाचणीला पहिलं पोतं मिरची घेऊन आलेल्या नीलम्माचं लागलं. स्क्रीनवर आलं, चाळीस किलो.

"घरी त्रेचाळीस भरलं होतं, अम्मा," नीलम्मा म्हणाली. तेलंगणाच्या सीमेवरच्या गावची ती, पोरीबाळींनाही अम्माच म्हणायची. "वाटंत तीन किलो मिरची कोन खाल्लं?"

हमाल हसले. व्यंकटी हसला नाही. "ताई, काट्यावर एकदा शक आला ना, तर माल शेजारच्या आडतीत जातो. संध्याकाळपर्यंत जमवा, न्हाई तर माझा जुना काटा बरा."

मुबश्शिरानं काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डब्यावरची लाल धूळ ओढणीनं पुसली. तिथं त्रेचाळीसच होते. दुसरं पोतं चढवलं. डब्यावर सत्तेचाळीस, स्क्रीनवर पंचेचाळीस. काटा खरा होता. खोट मधल्या बंद फाइलमध्ये होती. कंपनीला फोन केला, तर उत्तर आलं, आठ दिवसांत बघतो.

मग ती पोत्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून, शिंकत शिंकत पुन्हा सोर्सला भिडली. या वेळी कंपाइल अडताना स्क्रीनवर येणारा चुकीचा प्रत्येक संदेश नीट वाचला. कंपायलर, म्हणजे कंपाइल करणारा प्रोग्रॅम, कोडच्या मानानं फार नवा होता. जुना बसवल्यावर दुपारी सगळं सुरळीत कंपाइल झालं. आता मजकूर वाचायचा होता. दोनशेव्या ओळीच्या आसपास तिला ती सूचना सापडली: वजन पाच-पाच किलोंत धरावं, वरचं सोडून द्यावं. शेजारी कारणही लिहिलेलं होतं. ऊसगाड्या काट्यावर हलतात, आकडा स्थिर राहत नाही.

वीस टनांच्या गाडीत तीन किलोंचं काय! कोड साखर कारखान्यासाठी लिहिलेला होता आणि तिनं त्यावर मिरची तोलली होती.

तिनं ती ओळ बदलली, परत कंपाइल केलं, नीलम्माचं पोतं पुन्हा चढवायला लावलं. त्रेचाळीस.

"आता कुनी न्हाई खाल्लं," नीलम्मा म्हणाली. व्यंकटीनं जुना काटा गोदामात न्यायला सांगितलं.

बुधवारी अंबरीशनं विचारलं, "मग आता समदंच सोर्समधून का?"

"न्हाई. पावती छापायची फाइल तयारच राहू दे. छपाई बिघडली तर कुणालाबी दिसते. वजन बिघडलं तर ते पकडायला घरून तोलून आलेली नीलम्माच लागते."

"आन कंपनीनं नवा कोड पाठवला की?"

"परत वाचायचा, परत ती ओळ बदलायची," ती म्हणाली आणि प्रोजेक्टच्या नोंदींत त्या कामापुढं तिनं स्वतःचं नाव लिहिलं.