आमच्या दारातली हडळ

इकडे परदेशात, ट्रुगानिना नावाच्या उपनगरात आमचं घर एका छोट्या, पुढे बंद होणाऱ्या रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. असल्या रस्त्याला इथे कोर्ट म्हणतात. हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन मोठ्या रस्त्याने घोळक्याने जातात, आमच्या वळणाशी थबकतात, आत डोकावतात आणि पुढे निघून जातात. अलिखित नियम असा, की ज्या घराबाहेर सजावट दिसेल त्याच घराची बेल वाजवून खाऊ मागायचा. आम्ही कधी सजावट केली नव्हती. गणपतीत, दिवाळीत हात आखडता घेत नाही आम्ही, पण हा सण आपला नाही असं मनात कुठेतरी होतं.

गेल्या वर्षी माझी मुलगी चॉकलेटांचा वाडगा मांडीवर घेऊन दाराच्या पायरीवर बसली होती. आठ वर्षांची होती. काळ्या कागदाची टोकदार टोपी तिने स्वतःच केली होती. कोणीच आलं नाही. शेवटी ती उठली, वाडगा किचनच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "आई, दे डिडन्ट सी अस." आवाजात तक्रार नव्हती, रडू नव्हतं. असती तर बरं झालं असतं. माझी मुलगी मुळातच कमी बोलणारी. वर्गात हात वर करत नाही, असं तिच्या प्रत्येक टीचरने मला सांगितलेलं आहे.

या वर्षी ऑगस्टमध्ये नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि नवीन काही मिळेना. मी इथल्याच एका वेअरहाऊसमध्ये काम करते, त्या पगारावर घर चालत होतं. नवीन नोकरी लागेपर्यंत नड असल्याशिवाय काही विकत आणायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. मुलीला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण मुलांना कळतंच. ऑक्टोबर लागला, मोठ्या रस्त्यावर हवा भरलेले दोन मजली सांगाडे डुलायला लागले. शाळेतून येताना ती गाडीच्या काचेतून ते बघायची आणि गप्प बसायची. एकदा मीच विचारलं, "यंदा काय करायचं गं हॅलोविनला?"

"इट्स ओके, आई. वी कॅन स्किप इट."

मी गाडी ड्राइव्हवेत लावली, तिच्याकडे वळले आणि म्हटलं, "स्किप-बिप काही नाही. आपण घरी करायचं सगळं. एकही वस्तू विकत न आणता." बोलून गेले खरी, पण काय करणार हे मलाच माहीत नव्हतं.

त्यावेळी माझे बाबा सांगलीकडून आमच्याकडे राहायला आले होते. बाबा शाळामास्तर. नोकरी संपल्यावरही सुट्टीच्या दिवशी ते गावोगाव जायचे आणि चौकात उभे राहून भूत, करणी, अंगात येणं या सगळ्यामागची हातचलाखी लोकांना करून दाखवायचे. माझं अर्धं लहानपण त्यांच्या प्रयोगांचं सामान उचलण्यात गेलं. त्यामुळे मी जेव्हा जेवताना म्हटलं, की बाबा, आपल्याला दारात भुतं लावायची आहेत, तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला.

"आयुष्यभर भुतं नाहीत म्हणून ओरडत फिरलो," ते म्हणाले, "आणि आता लेकीच्या दारात भूत उभं करू?"

"खेळ आहे हो बाबा. मुलांचा."

"खेळ असेल. मी नाही हात लावणार."

मग आम्ही मायलेकीच कामाला लागलो. नेटवर बघून जुन्या पांढऱ्या बेडशीटचे तुकडे केले, आत वर्तमानपत्राचे गोळे कोंबून, गळ्याशी दोरा बांधून भुतं केली. दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन धुऊन त्यांवर काळ्या मार्करने कवट्या काढल्या आणि आत दिवाळीच्या माळेतले दिवे सोडले. शनिवारी सगळं बाहेर मांडलं आणि रस्त्याच्या तोंडाशी जाऊन बघितलं. काहीच दिसेना. इथे दक्षिण गोलार्धात ऑक्टोबर म्हणजे वसंत. ऊन आठ वाजेपर्यंत हटत नाही आणि मुलं तर त्याआधीच फिरून जातात. लख्ख उजेडात आमच्या कवट्या म्हणजे दारात ठेवलेले दुधाचे कॅन. भर म्हणून आमच्या भागातला प्रसिद्ध वारा सुटला. दोन भुतं कुंपणावरून शेजारी गेली. शेजारचे पंजाबी भाऊ ती हातात धरून परत द्यायला आले आणि म्हणाले, "भाभीजी, आपके हैंकी उड़ गए थे."

हैंकी, म्हणजे हातरुमाल! नवरा हसला, मीही हसले. मुलगी मात्र गॅरेजमध्ये जाऊन बसली.

मी तिच्यामागे जाणार होते, पण बाबा आधीच उठले होते. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. बाबा तिच्या शेजारी बसले. मग तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या गावात घोस्ट होते?"

"नव्हते. पण गोष्टी होत्या. मुंज्याच्या, वेताळाच्या, हडळीच्या."

"हडळ म्हणजे?"

लोकांची भीती घालवायची, तर आधी ती नीट ऐकून घ्यावी लागते, असं बाबांचं मत. त्यामुळे पंचक्रोशीतली सगळी भुतं त्यांना तोंडपाठ. त्यांनी सांगायला सुरुवात केली. हिरव्या बांगड्या, मोकळे केस, चिंचेखाली उभी असते. पाठमोरी असेल तर कळत नाही, पण तिची पावलं बघायची. ती उलटी असतात. टाचा पुढे आणि बोटं मागे.

"का?"

"का म्हणजे, तुला तिचा माग काढायचा असेल, तर मातीतल्या ठशांवरून वाटेल ती लांब चाललीय. आणि ती तर तुझ्याकडेच येत असते."

मग माझ्या मुलीचा हळू आवाज, "दॅट इज सो गुड."

पुढे बाबांनी तेही सांगितलं, जे ते गावात सांगायचे. दवाखाना लांब असायचा, आजारी बाईकडे कोणी लक्ष द्यायचं नाही, ती जायची. मग लोकांच्या मनाला ते खायचं आणि वाटायचं, आता ती परत येणार. "भूत नसतं बाळा. लोकांच्या मनात असतं."

"म्हणजे ती बॅड नाहीये," मुलगी म्हणाली. "शी इज जस्ट अँग्री."

"असंच म्हण," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर बाबा गॅसवर मैद्याची खळ शिजवत होते. इतकी वर्षं भिंतींवर पोस्टरं चिकटवलेला माणूस. ढवळताना त्यांचं मनगट जराही थांबत नव्हतं. तेच म्हणाले, "भूत माणूसच तयार करतो, हे मी भाषणात सांगायचो. आता प्रात्यक्षिक."

त्यानंतर आठवडाभर आमच्या गॅरेजचा कारखाना झाला. मालाच्या खोक्यांच्या थरांमध्ये घालतात ते जाड पुठ्ठे आमच्या वेअरहाऊसमध्ये रोज कचऱ्यात जातात; सुपरवायझरला विचारून मी ते गाडीत भरून आणले. कपडे वाळत घालायचा मोडका स्टँड हा सांगाडा. त्यावर पुठ्ठ्याचे खांदे, पुठ्ठ्याची मान. फुगा फुगवून त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवल्या, तीन थर दिले, वाळल्यावर फुगा फोडला आणि डोकं तयार झालं. भांडी घासायचे रबरी हातमोजे जुन्या मोज्यांनी भरून हात केले आणि त्यांत माझ्या हिरव्या बांगड्या चढवल्या. नवऱ्याने बागेतला सुतळीचा गुंडा उकलला, काळ्या रंगात बुडवला आणि दोरीवर वाळत घातला. नोकरीच्या मुलाखतींमधून आला की तो शर्टाच्या बाह्या सरसावून थेट गॅरेजमध्ये यायचा. त्याला इतका हलका झालेला मी कित्येक आठवड्यांत बघितला नव्हता.

साडी माझी होती. पिस्त्याच्या रंगाची, काठाला विरलेली, पडदा करायचा म्हणून ठेवलेली. ती नेसवायचं काम माझं, आणि त्याचा अभिमान मी सांगितला पाहिजे. मोडक्या स्टँडला नऊवारी नेसवून बघा म्हणजे कळेल. पाचवारी साडीला मागे दुसऱ्या साडीचा तुकडा जोडला, कासोटा घातला, आणि पदर मुद्दाम मोकळा सोडला. वारा आमची भुतं उडवून नेत होता ना, आता त्याने हिचा पदर उडवावा. आणि खाली मुलीचे जुने गमबूट, आत वाळू भरून, टाचा पुढे करून रोवले. बूट कसे ठेवायचे हे तिने कोणाला करू दिलं नाही. सहा वेळा मागे जाऊन, रस्त्यावरून बघून, ती ते बोटभर इकडेतिकडे सरकवत होती.

हॅलोविनच्या दुपारी आम्ही हडळीला वळणावरूनही दिसेल अशा आमच्या दारातल्या निलगिरीखाली उभं केलं. चिंच कुठून आणणार! पाठ रस्त्याकडे, केस मोकळे, पदर वाऱ्यावर. शेजारचे पंजाबी भाऊ कामावरून आले, गाडीतून उतरता उतरता थांबले आणि म्हणाले, "अब मैं घर के अंदर कैसे जाऊँ?" या वेळी ते हसत नव्हते.

पहिला आला तो एक छोटा डायनोसोर, वडिलांचा हात धरून. वडील आत वळणार नव्हतेच, पण त्या मुलाने बोट दाखवलं. "डॅड, हर फीट आर ऑन बॅकवर्ड्स!"

दोघं जवळ आले. "व्हाय आर दे बॅकवर्ड्स?" मुलाने विचारलं.

माझी मुलगी तीच टोपी... नाही, या वर्षी तिने माझी जुनी ओढणी डोक्यावरून घेतली होती. तिने माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी ओठ घट्ट मिटले आणि दुसरीकडे बघायला लागले. मग ती पायरीवरून खाली उतरली.

"शी इज अ हडळ," ती म्हणाली. "शी वॉज सिक अँड नोबडी लुक्ड आफ्टर हर. इफ यू फॉलो हर फुटप्रिंट्स, यू थिंक शी इज गोइंग अवे." इथे ती थांबली. कुठे थांबायचं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मग एक पाऊल पुढे. "बट शी इज कमिंग."

डायनोसोरने वडिलांची पँट पकडली. आणि मग म्हणाला, "अगेन!"

त्याने मोठ्या रस्त्यावर जाऊन काय सांगितलं कोण जाणे. थोड्या वेळाने आमच्या कोर्टात मुलंच मुलं झाली. चेटकिणी आल्या, सांगाडे आले, एक चालता टोस्टर आला. माझी मुलगी गोष्ट सांगत होती, पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडी वेगळी. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते आणि प्रत्येक घोळक्याला जाताना मास्तरी इंग्रजीत बजावत होते, "देअर इज नो घोस्ट. ओन्ली फिअर इज देअर." मुलांना वाटलं हाही सजावटीचाच भाग आहे. ती आणखी घाबरायची.

चॉकलेटं संपली. बाबांनी आतून शेंगदाण्याची चिक्की आणली, ती मी त्यांना परत आत नेऊन ठेवायला लावली. इथे कोणाला कसली अ‍ॅलर्जी असेल सांगता येत नाही. नवऱ्याने फ्रिजमधली मँडरिन्स, म्हणजे छोटी संत्री काढली, प्रत्येकावर मार्करने हॅलोविनच्या भोपळ्यासारखे तिरके डोळे आणि दात काढले, आणि मुलांनी ते इवले भोपळे चॉकलेटइतक्याच आनंदाने नेले.

एक अगदी लहान परी मात्र हडळीला बघून मोठ्याने रडायला लागली. तिची आई माफी मागत तिला उचलायला वाकली. माझ्या मुलीने गोष्ट अर्ध्यात सोडली, परीसमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "लुक, आय विल शो यू." तिने सुतळीचे केस बाजूला केले, पुठ्ठ्याची मान दाखवली, वर्तमानपत्रातली अक्षरं दाखवली. मग हडळीचा रबरी हात धरून पुढे केला. परी हुंदके देत बघत राहिली. शेवटी तिने एक बोट पुढे करून हातमोज्याला लावलं, बांगड्या वाजल्या, आणि ती हसली.

मी बाबांकडे बघितलं. ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत होते, आणि ते काम बराच वेळ चाललं.

माझ्या छातीत त्या वेळी जे भरून आलं, त्याला मी संकोच न करता अभिमान म्हणेन. मुलीचा होता, बाबांचा होता, मार्करने दात काढत बसलेल्या नवऱ्याचा होता, आणि माझ्या त्या कासोट्याचाही होता. ऊन उतरलं, मुलं पांगली. आम्ही चौघं ड्राइव्हवेवरच बसून गार झालेली खिचडी खाल्ली. मुलीचा आवाज बसला होता. घोगऱ्या आवाजात ती बाबांना म्हणाली, "आजोबा, आता मुंज्याची सांगा." आणि बाबांनी ताट बाजूला ठेवलं.