पाट्या वाचणारा धम्मपाल

मी लवळ्याच्या शाळेत शिकवायचे तेव्हा धम्मपाल माझ्या वर्गात होता. तिसरीपर्यंत त्याचं अक्षरांशी वैर. शेवटी मी म्हणाले, "दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत जा." त्यानं ते ऐकलं. छत्तिशी आली तरी तो ऐकतच होता.

टेकडीवरच्या कॉलेजात तो माळी झाला. एम-एटी गाडीवर मागं बायको, गौतमी. ती धुळीपायी तोंडावर पदर ओढून बसे आणि हा रस्ता वाचत जाई. "पंक्चर काढून मिळेल. येथे कचरा टाकू नये. जागा विकणे नाही."

गौतमीची धाकटी बहीण मेधा लग्नाची होती. वडील नव्हते, म्हणून थोरला जावई या नात्यानं बोलणी धम्मपालनं करायची. २००३ साली ते माण गावी एक घर पाहायला गेले. बोलणी रंगात आली आणि धम्मपालची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं गेली.

"जुनाट मूळव्याध, बिनटाका इलाज, खात्रीशीर!"

मुलाचे वडील दोन उशांवर बसले होते. त्यांचा चेहरा लाल झाला. चहा आलाच नाही.

गौतमी तडक माझ्याकडं आली. "बाई, खोड तुमी लावली, तुमीच मोडा."

"अगं, व्यसन नाही, शिवीगाळ नाही. वाचतोय बिचारा."

"दारू पीत असते तर लोकांनी समजून घेतलं असतं. ह्येला काय सांगू?"

पुढचं स्थळ ताम्हिणी घाटाच्या अलीकडचं निघालं. हेही हातचं गेलं तर मेधाकडं बघायचं कुठल्या तोंडानं, याची गौतमीला धास्ती. तिनं नवऱ्याला बजावलं, "निघाल्यापास्नं परत येस्तोवर एक अक्षर वाचायचं न्हाई. मेधाची शपथ हाय."

धम्मपालनं तोंड मिटलं ते मिटलंच.

पण इतकी वर्षं रस्ता वाचायचा तो आणि लक्षात ठेवायची ती. तो पाटी म्हणायचा, ती पदराआडून वळण सांगायची. दूध डेअरीच्या पाटीपाशी डावीकडं वळायचं, हे तिला माहीत. पाटी दिसली ती त्याला. तो तिच्या सांगण्याची वाट बघत राहिला, ती त्याच्या वाचण्याची. गार वारा अंगाला झोंबला तेव्हा तिनं पदर काढला. एका बाजूला दरी!

"अवो, ही तर कोकणाची वाट! डेअरी कुटं गेली?"

धम्मपालनं मागं बोट दाखवलं.

"मंग बोलला का न्हाई?"

त्यानं बोट ओठांवर ठेवलं. गौतमीनं कपाळावर हात मारला. "सुटली शपथ. वाचा!"

"सावधान! पुढे तीव्र उतार!" इतक्या जोरात, की रस्त्याकडेच्या ढाब्यातला माणूस बाहेर आला.

पोचले ते दीड तास उशिरा. मुलाचे वडील घुश्शात होते. "रस्ता ठाव न्हवता व्हय?"

गौतमीनं काय करावं? सगळं खरं सांगून टाकलं, मूळव्याधीसकट. मग कोपऱ्यातून मुलाची आजी म्हणाली, "जावईबापू, माज्या डोळ्यांत मोतीबिंदू हाय. घरात काय काय लिवलंय, मला कुणीबी सांगत न्हाई. वाचा बरं."

धम्मपालनं बायकोकडं पाहिलं. तिनं डोळे मिटून मान हलवली.

त्यानं पोलिओ डोसाचा रविवार वाचला, मुलाचं कबड्डीचं प्रमाणपत्र वाचलं. आतल्या दाराला खताच्या पिशव्या उसवून शिवलेला पडदा होता. "लहान मुलांपासून दूर ठेवा," धम्मपालनं वाचलं, आणि नेमका तेव्हाच त्यातून नवरा मुलगा डोकावला. आजीला हसता हसता ठसका लागला. वडिलांनी आत हाक मारली, "चहा ठेवा गं."

मेधाचं लग्न त्याच वर्षी झालं.

परवा सकाळी मी ओट्यावर बसले होते. रस्त्यावरून ओळखीचा मजकूर ऐकू आला, "गिरणी सोमवारी बंद," पण आवाज बाईचा. पाहते तर धम्मपालच्या गळ्याला मफलर, त्याचा घसा बसलेला. मागं गौतमी, पदर खाली घेऊन, एकेक पाटी खणखणीत वाचत चाललेली.