मडक्यातलं मतदान

आमच्या संस्थेचं सगळं साम्राज्य म्हणजे नागपूरच्या महाल भागातली एक खोली, भिवापूरकडच्या एका गावातलं पाळणाघर आणि मी. मी ड्रायव्हर, मीच कारकून. चौकशीची नोटीस आली ती इतकी जाड, की पोस्टमननं ती बैलगाडीत घालून आणली. हे मी सगळ्यांना सांगतो आणि अजून कोणी हटकलेलं नाही.

गुन्हा एवढाच, की पाळणाघरात लेकरं ठेवणाऱ्या बायांनी तहसीलीत जाऊन विचारलं, ''गावची शाळा काहून बंद करून राह्यले जी?'' झालं! 'उद्देशाबाहेरील कारवाया.' बैठकांचे ठराव दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द आणि पाळणाघराला सील.

चौकशीचे साहेब नागपूरहून निघाले. त्यांच्या ड्रायव्हरला गाव माहीत नव्हतं, म्हणून मलाच पुढे बसवलं. स्वतःच्याच घरावर धाड घालायला वाट दाखवणारा माणूस अख्ख्या विदर्भात मी एकटा.

गावात मिरचीची तोडणी चालू होती. पाळणाघर सांभाळणाऱ्या काकूंनी साहेबांपुढे एक मडकं ठेवलं. ''हे घ्या जी ठराव.''

आमची रीतच तशी. बैठकीत प्रत्येकीनं झाकल्या मडक्यात मूठ घालायची. लाल मिरची म्हणजे होकार, हिरवी म्हणजे नकार. कोणी काय टाकलं ते सासूलाही कळत नाही. तहसीलीत जायचं की नाही, त्याचं मडकं काकूंनी जपून ठेवलं होतं. मिरच्या वाळून कुरकुरीत झालेल्या.

साहेबांनी बाह्या सारल्या.

''हात नोका घालू जी, आमी मोजतो!'' काकू ओरडल्या.

''पुराव्याला कोणी हात लावायचा नाही,'' साहेब गरजले आणि एकेक मिरची मोजू लागले. सतराव्या मिरचीला त्यांना घाम आला. अठराव्याला त्यांनी डोळा पुसला.

पुढची आरोळी ऐकून तिकडे नागपुरात सीताबर्डीवर मेट्रो थांबली म्हणतात. काकू धावल्या, लेकरांसाठी ठेवलेलं गार दूध त्यांनी साहेबांच्या डोळ्यांवर ओतलं.

जरा वेळानं साहेब विव्हळत म्हणाले, ''बाई, तुम्ही साऱ्याजणी दिवसभर हीच मिरची तोडता, मग लेकरांना जवळ कशा घेता हो?''

''नाही घेत जी. त्याच्यासाठीच त हे पाळणाघर हाय. संध्याकाळी राखेनं हात घासते, तेल चोपडते, मंग लेकराले पाजते बाई.''

साहेबांनी ओला टॉवेल मागून घेतला. मग म्हणाले, ''सील तर मारावंच लागेल. वरून आदेश आहे.'' टॉवेल डोळ्यांवर घेऊन ते पायरीवर बसले. ''पण अर्धा तास मला काही दिसणार नाही. त्यानंतर पंचनामा लिहीन.''

मी आपला बावळटासारखा उभा. काकूंना मात्र लगेच समजलं. त्या दारात जमलेल्या बायांना म्हणाल्या, ''आयकलं काय वं? उचला!''

पाच पाळणे, शेगडी, खेळणी, पाटी असं सगळं साहेबांच्या कानाजवळून गेलं. एक पोट्टं नेमकं तिथंच भोकाड पसरून रडलं.

''मांजर आहे का?'' टॉवेलखालून प्रश्न आला.

''हो साहेब,'' मी म्हणालो. ''इकडच्या मांजरी जरा मोठ्या असतात.''

अर्ध्या तासानं साहेबांनी लाल डोळ्यांनी लिहिलं, 'खोली रिकामी. साहित्य निरंक.' कुलूप लावलं, लाख ओतली, मोहोर मारली. महिन्याभरात नोंदणीही गेली. ती परत मिळवायच्या अपिलासाठी मी नागपुरात इतके जिने चढलोय, की तेवढ्यात हिमालय चढून परत आलो असतो.

पाळणे मात्र सील लागलं त्याच दिवशी बुद्धविहारात मांडले होते. त्या संध्याकाळी हात धुतलेल्या बाया जमल्या. संस्था राहो न राहो, पाळणाघर चालू ठेवायचं का? संस्था गेली की पुढची नोटीस संस्थेला नाही, ज्याच्या-त्याच्या घरी येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवं मडकं फिरलं. त्या दिवशी मलाही मत टाकू दिलं.

मडकं उपडं केलं तर लालच लाल. हिरवी फक्त एक.

पाळणाघर आजही चालू आहे. ती हिरवी मिरची कोणाची, ते काकू अजून शोधून राहिल्या आहेत. मी त्यांना शोधायला मदत करतो.