खंडेनवमीला मेल बंद पडला

"तू जरा बाहेर थांब. पूजा होऊ दे, मग ये."

मालकांच्या पत्नी, ज्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणायचे, त्या हे हसूनच म्हणाल्या. हातात हळदी-कुंकवाचं ताट होतं. आवाज चढवला नाही, कुणी मला हात लावला नाही. मी माझ्या पायानं बाहेर गेले. हे आधी सांगून टाकते, कारण त्यांच्या बोलण्याइतकंच माझं ते मुकाट जाणं मला टोचतं. आजही.

ती सर्व्हरची खोली मी सांभाळत होते. उचगावपासून जवळच एक फौंड्री. पंपाचं ओतकाम करून परदेशी पाठवायची. दोन हजार साल नुकतंच उलटलेलं. डिप्लोमा करून मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. आधी फॅक्सवर काम चालायचं, मग गिऱ्हाईक म्हणालं, मेल करा. पुण्याहून एक जण आला, मेलचा सर्व्हर बसवला, अर्धा दिवस मला शिकवलं आणि गेला. पुढचं सगळं मी शिकले. पुस्तक पुढ्यात घेऊन, चुकत, परत करत.

चाळीस जणांचे मेलबॉक्स. कुणाचा भरला, कुणी पासवर्ड विसरला, कुणी भलतंच काही उघडून व्हायरस घेतला. लाइन गेली की मेल रांगेत तुंबायचे, लाइन आली की मी एकेक बघून सोडायची. मेल गेला तर कुणाला माझी आठवण नाही. अडकला की फोन. "ए कॉम्प्युटर, मेल जाईना की." तीन वर्षांत निम्म्या लोकांना माझं नाव माहीत नव्हतं. आयटी मॅनेजर अशी पाटी होती, पण ती मालकांच्या पुतण्याच्या, विक्रमदादांच्या दारावर. विक्रमदादांना सर्व्हर बंद कसा करतात ते येत नव्हतं.

खंडेनवमीला फौंड्रीत सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. भट्टी, लेथ, क्रेन, मालकांची गाडीसुद्धा. त्या वर्षी मालक म्हणाले, आता धंदा मेलवर चालतोय, सर्व्हरचीपण पूजा करा. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? सकाळी लवकर जाऊन मी खोली पुसली, वायरी बांधून कडेला घेतल्या, झेंडूचा हार स्वतः घातला.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्या वस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असतो, तयारीला माणसं लागतात. म्हणून मी पूजेच्या दिवशी दुपारी लवकर जायची परवानगी मागितली होती. अर्जात कारण लिहिलं होतं. लपवायचं काय त्यात? तो अर्ज विक्रमदादांकडे गेला होता. पूजेच्या वेळी वहिनीसाहेब आत आल्या, मला बघितलं, ही कोण म्हणून विचारलं. विक्रमदादा त्यांच्या कानाशी लागले. मला तीनच शब्द ऐकू आले. "त्यांच्यातली हाय ती."

मग ते वाक्य. तू जरा बाहेर थांब.

खोलीला काचेचं दार होतं. मी बाहेर व्हरांड्यात उभी. येणारी-जाणारी माणसं माझ्याकडं बघून आत जात होती. हिशेबाचे कुलकर्णी, खरेदीचे पाटील, स्टोअरचा पोरगा, शिपाई. सगळे आत. त्यांच्या मेलबॉक्समध्ये काय अडकतं, कुणाचा पासवर्ड बायकोच्या नावाचा आहे, सगळं मला माहीत. त्यातला एकही म्हणाला नाही, की हिला का बाहेर ठेवली.

विक्रमदादांनी दिव्यांची माळ आणली होती. लावायला जागा मिळेना. त्यांनी एक प्लग काढला आणि माळ लावली. काढलेला प्लग यूपीएसचा होता. आत आरती सुरू झाली, घंटा, टाळ्या. त्यातून यूपीएसची पिकपिक मला बाहेर ऐकू येत होती. त्या आवाजाला मी झोपेतसुद्धा उठले असते. बॅटरी जेमतेम दहा मिनिटांची. मी काच वाजवली. वहिनीसाहेबांनी हातानंच थांब म्हणून खुणावलं. मी परत वाजवली, बोटानं प्लग दाखवला. विक्रमदादांनी पाठ फिरवली.

थोड्या वेळानं पिकपिक थांबली. मला कळलं, सर्व्हर गेला.

आरती संपल्यावर प्लग परत लावून विक्रमदादांनी सर्व्हर चालू करून बघितला. तो अर्ध्यात अडला. असा झटक्यात बंद पडला की डिस्क बिघडते, मग तो मुख्य पासवर्ड मागतो आणि माणसाची वाट बघत बसतो. मला वीस मिनिटांचं काम. इकडं मालक पेटलेले. कंटेनर गेटवर भरून उभा, आणि माल सोडा असा गिऱ्हाइकाचा मेल आल्याशिवाय तो हलवता येत नव्हता.

विक्रमदादा दार उघडून म्हणाले, "चल, आत ये. मेल बंद पडलाय."

माझा पाय उचलला होता. खरंच उचलला होता. सवयीनं. आणि मग मी तो मागं घेतला. हार घातलेलं मशीन, समोर फोडलेला नारळ, आणि त्या मशीनपुढं मी चालत नाही. पण ते बिघडलं की चालते. माझं डोकं नको, माझा वावर नको, फक्त हात हवेत.

मी म्हणाले, "ज्यांनी मला बाहेर काढलं, त्यांनी सगळ्यांसमोर आत बोलवावं."

विक्रमदादांना आधी कळलंच नाही. मग मालक आले. त्यांनी मला समजावलं, बायकांचं असतंय तसं, मनावर घेऊ नकोस. मी हलले नाही. मग त्यांचा आवाज बदलला. "नोकरी करायची हाय का न्हाय तुला? पासवर्ड दाबून बसलीयास व्हय?"

हे मला लागलं. मी चोर नव्हते. व्हरांड्यातल्या टेबलावरचा कागद घेतला, त्यावर पासवर्ड लिहिला, काय करायचं त्याच्या चार ओळी लिहिल्या आणि मालकांच्या हातात दिला. "हा घ्या. मशीन तुमचं हाय. हात माझं हायत."

वहिनीसाहेब ताट घेऊन तिथंच उभ्या होत्या. एक वाक्य बोलायचं होतं त्यांनी. नाही बोलल्या. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

विक्रमदादांनी त्या चार ओळी वाचूनही उलटंच काहीतरी केलं. पुण्याचा माणूस दसऱ्यानंतर आला. कंटेनर तेवढे दिवस गेटवर होता.

माझे वडील दुसऱ्या एका फौंड्रीत हमाली करून थकलेले. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "एवढ्यासाठी? आम्ही काय कमी सोसलं?"

"म्हणूनच," मी म्हणाले.

ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. आई जेवण वाढताना हळूच म्हणायची, जाऊन माफी माग, घर कसं चालायचं. तिचंही खोटं नव्हतं. घरात माझाच पगार.

कंपनीनं बोलावलं. मालकांसमोर टाइप केलेला कागद ठेवलेला. रागाच्या भरात कंपनीचं नुकसान केलं, त्याबद्दल क्षमा मागते. खाली माझं नाव, स्पेलिंग चुकलेलं. सही केलीस तर उद्यापासून ये, मालक म्हणाले. मी तो दोनदा वाचला. त्यात व्हरांडा नव्हता, पूजा नव्हती, त्यांच्यातली हाय हे नव्हतं. फक्त माझा राग होता. मी सही न करता कागद परत सरकवला. मी म्हणाले, "ह्यात जे घडलं ते न्हाय. जे घडलं ते लिहा, मग माझी चूक किती ते बघू."

कुणी लिहिलं नाही.

त्यानंतर मी चार ठिकाणी मुलाखतीला गेले. काम सगळ्यांना आवडलं. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो: आधीची नोकरी का सोडली. ओळखीचे सांगतात, घरगुती कारण लिही. एका ठिकाणी साहेबांनी पेनसुद्धा परत दिलं, म्हणाले, हे खोडून दुसरं काहीतरी लिहा, उद्या ऑर्डर देतो.

मी खोडलं नाही. चारही फॉर्मवर एकच वाक्य आहे: जात बघून मला खोलीबाहेर उभं केलं, म्हणून मी काम नाकारलं.

चारही ठिकाणांहून पत्र आलं नाही. सोमवारी पाचव्या ठिकाणी जायचंय. तिथंही हेच लिहिणार.