शेवटची ओळ मोठ्यानं वाच

सर्व्हर नीट चालत असला की त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं. तो बंद पडला की किस्सा तयार होतो. आमचा इतक्यांदा बंद पडलाय, की चार मित्र चहाला बसले की आधी मलाच विचारतात, "या वेळी काय झालं?" मी सांगत जातो. एक मात्र टाळतो. आज तोही सांगणार आहे, पण शेवटी.

आधी आमची खोली. गोंदियात एका राइस मिलच्या मागे दहा बाय बाराची, आणि तिच्यात रक्तदात्यांचं मंडळ. कोणाला रक्त लागलं की फोन येतो, आम्ही यादीत बघून जवळच्या दात्याला कळवतो. माणसं तीन. वनिताताई फोन घेतात, मी कॉम्प्युटर बघतो, आणि मंडळ उभं केलं ते रहांगडाले गुरुजींनी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे मास्तर. स्कूटरवर गावोगाव फिरून त्यांनी दाते गोळा केले आणि साठीनंतर पुस्तकं आणून सर्व्हर उभा करायला शिकले. यादीचं पान त्या सर्व्हरवर. तो सुरू असला तरच यादी दिसते.

*

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. सकाळी सर्व्हर सुरूच होईना. मी तीनदा बटण दाबलं, चौथ्यांदा वायरी हलवल्या, पाचव्यांदा शिवी दिली. गुरुजींनी कीबोर्ड माझ्यासमोरून काढून घेतला.

"रोग्याले न विचारता सुई मारते का डॉक्टर? लॉग उघड. शेवटची ओळ मोठ्यानं वाच."

लॉग म्हणजे सर्व्हरची डायरी. आपल्याला काय झालं ते तो तिथे लिहून ठेवतो. मी इंग्रजीत वाचलं. गुरुजी म्हणाले, आता मराठीत सांग, वनिताले समजलं पाहिजे. मी सांगितलं, की सर्व्हरची बसायची जागा दुसऱ्याच एका प्रोग्रामने धरून ठेवली आहे.

वहीतून मान वर न करता ताई म्हणाल्या, "मंग त्याले उठवा ना."

उठवलं, आणि सर्व्हर सुरू झाला. तेव्हापासून नियमच पडला. शेवटची ओळ, मोठ्यानं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. चाळिशीत मला पुन्हा चौथीत बसवलं त्या माणसाने.

*

एकदा गुरुजी शिबिरासाठी चोरखमाऱ्याला गेलेले आणि मी तापाने घरी. सर्व्हर पडला. ताईंनी बाजारातून एक मेकॅनिक बोलावला. तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "पूरा फॉरमॅट मार देता हूँ, एकदम नया हो जाएगा."

नशीब, की तेवढ्यात गुरुजी दारात आले. त्यांनी शांतपणे विचारलं, "मशीन तो नई हो जाएगी. अंदर के आदमी नए कहाँ से लाओगे?"

मेकॅनिक चहा पिऊन गेला. दोष निघाला तो एवढाच, की जुन्या लॉगनेच डिस्क भरली होती. डायरीला लिहायला पान उरलं नव्हतं.

*

गुरुजींना एक वेड होतं. शाळेत कपाटाच्या किल्लीपासून भिंतीवरच्या नकाशापर्यंत प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी नावावर असायची, तशी इथेही पाहिजे. फोनच्या वहीत त्यांनी शेवटचा रकाना आखला होता, 'काम कोणी केले'. सर्व्हरसुद्धा त्यांनी मशीनमधल्या स्वतःच्या नावाच्या खात्यावर चालवला.

मी म्हटलं, गुरुजी, असं करत नाहीत. सर्व्हरला वेगळं नाव देतात, कोणत्याच माणसाचं नसलेलं.

"ज्या कामाले कोणाचं नाव नाही, त्याले कोणी वाली नसते, बापू."

 मी सर्व्हर त्यांच्याच नावावर राहू दिला.

*

दसऱ्याला आजूबाजूच्या साऱ्या मिल बंद. यंत्र धुऊन पुसून त्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि त्या दिवशी त्याला काम सांगायचं नाही. ताई पूजेचं ताट घेऊन यायच्या आणि दरवर्षी म्हणायच्या, बंद करा ना जी आजच्या दिवस. गुरुजी पूजेला नाही म्हणत नसत, पण बंद करू देत नसत. "रोगी काही दसरा पाहून पडत नाही," म्हणायचे. मग ताई सर्व्हरच्या गरगरत्या पंख्यासमोर कुंकू धरायच्या आणि निम्मं कुंकू गुरुजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडायचं. ते तसेच दिवसभर बसायचे.

*

गेल्या उन्हाळ्यात गुरुजी गेले.  मी सर्व्हर उघडायचो तेव्हा खात्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं दिसायचं. मला ते बघवत नव्हतं. एके दिवशी मी ते काढलं. मशीनने हटकलं होतं, की या नावाने अजून कामं चालू आहेत. मी जबरदस्तीने काढलं. फायलींना हात लावला नाही, फक्त नाव पुसलं. सर्व्हर चालतच राहिला, म्हणून मी ते विसरूनही गेलो.

दसरा आला. या वेळी अडवणारं कोणी नव्हतं. आम्ही सर्व्हर रीतसर बंद केला, पुसला, हार घातला. ताई म्हणाल्या, एक दिवस त्यालाही विसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन आला. आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडच्या एका गावचा बाप होता. नऊ वर्षांची मुलगी, सिकलसेलची, गोंदियाच्या दवाखान्यात. ओ निगेटिव्ह पाहिजे आणि रक्तपेढीत नाही. डॉक्टर म्हणाले होते, दुपारच्या आत आणा. ताई म्हणाल्या, पाच मिनिटं द्या.

मी सर्व्हर सुरू केला. होईना. पुन्हा केला. नाही. यादी आत सुखरूप होती, पण तिच्याकडे जायचं दार ते एकच पान, कारण यादीचा वेगळा पासवर्ड गुरुजींबरोबरच गेला होता. मी नुसतं बटणच दाबत सुटलो. बापाचा दुसरा फोन आला. तो ठेवून ताई उठल्या आणि त्यांनी कीबोर्ड माझ्यासमोरून काढून घेतला.

"भाऊ, शेवटची ओळ वाचा. मोठ्यानं."

मी इंग्रजीत वाचली आणि तिथेच थांबलो.

"मराठीत," ताई म्हणाल्या.

"रहांगडाले नावाचं इथे कोणी सापडत नाही. सुरू करता येत नाही."

मग मला सांगावंच लागलं, की नाव मी पुसलं होतं; चालू सर्व्हरला ते लागलं नाही, बंद करून पुन्हा सुरू करताना लागलं. मला वाटलं, त्या रागावतील. त्या सर्व्हरवरच्या सुकलेल्या हाराकडे बघत होत्या.

"मंग कायले सुरू होईल तो?"

गुरुजींच्या जागी माझं नाव टाकून बघता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. ते माझ्याच्याने झालं नाही. मी गुरुजींचं खातं पुन्हा उघडलं, फायलींवर राहिलेला खात्याचा जुना क्रमांक तोच दिला. मशीन एकेक विचारत गेली. पूर्ण नाव, खोलीचा नंबर, फोन. मी भरत गेलो. शेवटी तिने विचारलं, ही माहिती बरोबर आहे का? माझं बोट अडलं. मी ताईंना प्रश्न मराठीत वाचून दाखवला.

"हो म्हणा, भाऊ," त्या म्हणाल्या.

पान उघडलं. ओ निगेटिव्हचा जवळचा दाता दवनीवाड्याचा निघाला. तो धान कापत होता. विळा बांधावर ठेवून तसाच मोटरसायकलवर निघाला. दुपारी बापाचा फोन आला. ताईंनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला. तो एकच वाक्य म्हणत होता, "चढून राहिलं जी रक्त, चढून राहिलं."

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी ताईंनी वही माझ्यापुढे सरकवली. तारीख, गट, गाव, दाता, सगळं भरलेलं होतं. 'काम कोणी केले' या रकान्यातही त्यांनी नाव लिहिलं होतं, 'रहांगडाले गुरुजी'.

मी ती ओळ वाचली. मोठ्यानं.