स्टिअरिंगचं वाण

माझा साडू वयानं माझ्यापेक्षा लहान, अंगानं उंच आणि नोकरीनं बँकेत. यातली कुठलीच गोष्ट मी त्याला कधी माफ केली नाही. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. आलेला माल तपासायचा, नट बोल्टला बसतो की नाही ते पाहायचं, न बसणारा परत पाठवायचा आणि संध्याकाळी कंपनीच्या बसनं नंदनवनात घरी यायचं. पण महालातल्या आमच्या सासरवाडीत मी त्याच्या वर होतो, कारण मी थोरला जावई होतो. दर रविवारी तिथं जेवायला बसलं की पहिलं ताट माझ्यासमोर यायचं, दुसरं त्याच्यासमोर. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. त्या घराला असे दोन ग्रह लागले होते, पण त्यातला पहिला मी, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

ते ताट माझ्यासमोरून सरकलं एका कॉम्प्युटरपायी.

साडूच्या भावानं तो सिंगापूरहून आणला होता. कॉम्प्युटर कसला, बटणांची एक चपटी काळी पाटीच होती ती. टीव्हीला जोडायची, टेपरेकॉर्डर लावायचा, मग कॅसेट बराच वेळ किंचाळायची आणि शेवटी पडद्यावर रस्ता उगवायचा. रस्त्यावर एक लाल गाडी. एक बटण दाबलं की ती डावीकडे वळे, दुसरं दाबलं की उजवीकडे. साडूकडे रंगीत टीव्ही नव्हता, सासऱ्यांकडे होता, म्हणून त्यानं ते यंत्र सासरवाडीतच ठेवून दिलं. निदान कारण तरी त्यानं हेच सांगितलं.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणत असू. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सारी नोकरी साहेबाच्या जीपमध्ये मागच्या बाकावर, फायली मांडीवर घेऊन गेली. घरी सायकल. स्टिअरिंगला हात लावायचा योग त्यांना कधी आलाच नाही. आता एका बोटानं ते ती लाल गाडी हाकू लागले आणि त्यांना दुसरं काही सुचेना. पुढच्याच रविवारी पानं मांडली तेव्हा ते सासूबाईंना म्हणाले, "धाकट्यायले पहिले वाढा वं. ते जेवले की गाडी लावून देतीन."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ताट साडूसमोर ठेवलं. तो म्हणाला, "अहो, आधी भाऊजींना." हे म्हणायची त्याला काय गरज होती? ते म्हणाला नसता तर मी एकदाच जळलो असतो.

घरी जाताना स्कूटरवर मागून बायकोनं विचारलं, "काहून गप्प होऊन राहिले?"

"काही नाही."

"एका ताटापायी?"

मी स्कूटर खड्ड्यातून नेली, मुद्दाम.

पुढच्या रविवारीही तेच. मी वरणात भात कालवत बसलो. पण त्या दिवशी खेळता खेळता मामाजी एक वाक्य बोलून गेले. "बटनानं मजा नाही येत जी. हातात चाक पाहिजे होतं." साडू नुसता हसला. मी मात्र ते वाक्य उचललं आणि खिशात घालून घरी आणलं. यंत्र त्याचं असेल, पण चाक माझं असेल, असं मी ठरवून टाकलं.

सीताबर्डीवर परदेशी माल विकणारं एक अरुंद दुकान होतं. तिथं मी शनिवारी संध्याकाळी गेलो. दुकानदारानं पहिल्यांदा एका विलायती मासिकातलं चित्र दाखवलं. कातड्याचं चाक, खाली पायानं दाबायचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. भाव ऐकून मी मासिक मिटलं आणि कपाटातल्या घड्याळांकडे पाहत राहिलो. मग त्यानं चाकाऐवजी हलवायची एक उभी दांडी काढली. स्वस्त होती आणि चांगली घट्टही होती, पण मामाजींच्या हातात ती कालथ्यासारखी दिसली असती. जन्मभर चाकासाठी झुरलेल्या माणसाला कालथा देऊन पहिलं ताट परत येत नसतं.

शेवटी त्यानं मागच्या फळीवरून एक जुनं प्लॅस्टिकचं स्टिअरिंग काढलं. कुणीतरी वापरून विकलेलं, माझ्या ऐपतीतलं. मी ते स्टोअरमधला माल तपासावा तसं तपासलं. खालच्या रबरी वाट्या काचेच्या काउंटरवर दाबून बसवल्या आणि ओढून पाहिल्या, सुटल्या नाहीत. चाक डावीकडे पूर्ण फिरवून सोडलं, ते आपोआप मधोमध आलं. मामाजींचे पंजे मोठे, म्हणून पकड किती जाड आहे तेही मुठीत धरून पाहिलं. तडा कुठं नव्हता.

"कम्प्यूटर कौनसा है आपका?" दुकानदारानं विचारलं.

"टीवी को लगता है, वो."

"वो तो सबी टीवी को लगते हैं, भाईसाब. एक बार पूछ के आओ."

पूछ के म्हणजे साडूला. त्याच्या घरी जायचं, थोरल्या जावयानं धाकट्याला विचारायचं, बाबा रे, तुझ्या यंत्राला काय बसतं? मग तो म्हणणार, थांबा भाऊजी, मीच येतो बरोबर. आणि रविवारी चाक दोघांचं होणार. जावयांनी एकमेकांना काही विचारू नये असा काही शास्त्रात नियम नाही, पण आमच्याकडचा कुठलाही थोरला जावई माझ्यासारखाच वागला असता.

"पूछने की जरूरत नहीं," मी म्हणालो. "बांध दो."

ते वर्ष अधिक महिन्याचं होतं. धोंड्याचं जेवण म्हणून आम्हा दोघा जावयांना सासरी बोलावणं होतं. अधिक महिन्यात सासऱ्यानं जावयाला वाण द्यायचं, अनारसे द्यायचे, ही रीत. जावयानं सासऱ्याला वाण दिल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मी कागदात बांधलेलं चाक घेऊन गेलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हे काय उलटंच?" आणि आत जाऊन सगळ्यांना सांगून आल्या. मला फार बरं वाटलं.

मामाजी पूजेला बसले होते. त्यांची आरती होईपर्यंत मी चाक तिपाईवर घट्ट बसवलं आणि वायर घेऊन टीव्हीमागे वाकलो. वायरीच्या टोकाला भोकाभोकांचा गोल गट्टू होता. यंत्राच्या पाठीला नुसती सपाट पट्टी. मी गट्टू आडवा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला, तो बसेना. ज्या माणसानं हजारो नट परत पाठवले होते तो माणूस अनारशाच्या वासात घामाघूम होऊन एका पट्टीपुढे बसला होता.

कधी आला कळलं नाही, पण साडू माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं गट्टू पाहिला, पट्टी पाहिली. आता हा हसणार, आणि मग त्याची बायको हसणार, आणि त्याच्या बायकोची बहीण म्हणजे माझीच बायको हसणार. तो हसला नाही. त्यानं वायर टीव्हीवरच्या फुलाफुलांच्या कापडाखाली सारली, बटणांची ती पाटी उचलून मांडीवर घेतली आणि तिपाईच्या आडोशाला भिंतीला टेकून बसला.

मामाजी आले, चाक पाहिलं आणि उभेच राहिले. धोतराला हात पुसले. मग बसले, दोन्ही हातांनी चाक धरलं.

"तू तिथं काहून बसला गा?" त्यांनी साडूला विचारलं. आनंदात अहो-जाहो विसरले होते.

"हे गरम होतं, मामाजी. धरून बसावं लागतं."

गाडी सुटली. मामाजींनी चाक डावीकडे वळवलं, गाडी डावीकडे वळली. उजवीकडे वळवलं, उजवीकडे वळली. तिपाईआड साडूची बोटं बटणांवर चालत होती. सासूबाई पळी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. मामाजींचं तोंड मी तसं कधी पाहिलं नव्हतं. खेळ संपल्यावर ते म्हणाले, "थोरल्यायले वाढा पहिले."

ताट माझ्यासमोर आलं. माझं ताट मला साडूनं मिळवून दिलं होतं, आणि त्यानं हे कुणालाही सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही, नाहीतर माझ्या बायकोला संध्याकाळपर्यंत कळलंच असतं. आता मला त्याच्या उंचीचा आणि बँकेचा हेवा वाटेना, त्याच्या चांगुलपणाचा वाटू लागला. तो हेवा जास्त वाईट. नोकरी एकवेळ बदलता येते, चांगुलपणा कुठून मागायचा?

दर रविवारी हेच चाललं. साडू मांडीवर पाटी घेऊन बसे, मामाजी चाक फिरवत, पहिलं ताट मला येई आणि मी ते चिडून जेवत असे.

मग साडूची अकोल्याला बदली झाली. यंत्र तो मामाजींसाठी ठेवून गेला. जाताना मला बाजूला घेऊन त्यानं कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. मी "माहीत आहे" म्हणालो.

पुढच्या रविवारी आडोशाला मी बसलो. कॅसेट किंचाळली, रस्ता आला, लाल गाडी सुटली. पडद्यावर डोळे रोवून मी बटणं दाबत होतो. पहिल्याच वळणावर गाडी झाडावर गेली. पुन्हा लावली, पुन्हा झाडावर. तिसऱ्यांदा मी ती फार छान हाकली, पुढच्या दोन गाड्या मागे टाकल्या. मोठ्या ऐटीत वर पाहिलं तर मामाजींचे दोन्ही हात मांडीवर होते.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "तुमी टीव्हीकडे पाहता जी. धाकटे माझ्या हाताकडे पाहत होते."

त्यांनी उठून चाकावर रुमाल टाकला. आतून सासूबाईंनी हाक मारली, जेवायला चला. पहिलं ताट माझ्यासमोर आलं. दुसरं वाढायचंच नव्हतं.