दाराआडून गोष्ट सांगणारी नलूवहिनी

नलूवहिनीला शेवटची भेटले ती दवाखान्यात. नाकाला नळी होती, आवाज बसला होता, आणि तरीही मी स्टुलावर टेकते न टेकते तोच तिनं शेजारच्या खाटेकडे डोळ्यांनी खूण केली. "कुंदाबाई, त्या म्हातारीची सून येईन आता डबा घेऊन. पण ते पाहाच्या आधी तुम्हाले मागचं माहीत पाह्यजे…" मग दम घेत घेत तिनं त्या घराची हकिकत सांगितली. सासू-सून का बोलत नव्हत्या, आजारपणात अबोला कसा सुटला, सगळं. थोड्या वेळानं खरोखरच सून आली, डबा उघडून सासूला वरणभात भरवू लागली, आणि माझे डोळे भरून आले. त्या बाईला मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. पाहता पाहता वहिनीकडे वळले, तर ती गालात हसत होती. त्याच आठवड्यात ती गेली. आता महिना होत आला, पण ती आठवते ती अशीच… गोष्ट सुरू व्हायच्या आधी मागचं सांगताना.

ही सवय तिला टीव्हीनं लावली. ऐंशीच्या दशकात दादाशी लग्न होऊन ती आमच्या रोहण्याच्या घरी आली. माहेर कारंजा घाडग्याचं. वडिलांचा हायवेवर ढाबा होता, त्यामुळं ट्रकवाल्यांची आणि रेडिओवरची हिंदी ऐकतच ती मोठी झालेली. आमच्या घरची रीत मात्र कडक होती. सुनेनं डोक्यावरून पदर घेऊन स्वयंपाकघरात राहायचं, सासऱ्यासमोर यायचं नाही, त्याच्या कानावर पडेल असं बोलायचं नाही. मी तेव्हा वर्ध्याला कॉलेजात होते, शनिवारी घरी यायचे. दर वेळी मला वाटायचं, ही एवढी बोलकी मुलगी इथं कशी टिकणार?

त्याच सुमारास दादानं ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणून ओसरीत ठेवला. रविवारी सकाळी एका राजघराण्याची हिंदी मालिका लागायची आणि अर्धं गाव आमच्या अंगणात जमायचं. सुरुवातीला पडद्यावर नावं सरकत आणि मागून एक भारदस्त आवाज बोलायचा. कोण कुठला राजा, राज्यात मागं काय घडलं, आज कोणतं संकट दाराशी उभं आहे… बोलणारा कधी दिसायचा नाही. पण ज्यांना नावं वाचता येत नव्हती, त्यांनाही तो आवाज हाताला धरून राजवाड्यात न्यायचा. तो सुरू झाला की रडणारी पोरंसुद्धा चूप बसत.

अडचण एकट्या बाबांची होती. त्यांना कमी ऐकू यायचं. तो भारी आवाज त्यांना नुसता घुमल्यासारखा लागायचा, आणि सुरुवातच हुकली की पुढं कोण कोणाचा कोण, काही कळायचं नाही. एका रविवारी त्यांनी विचारलं, "काय म्हणून राह्यला तो?" दादा म्हणाला, "सांगतो मंग, बाबा." त्यांनी पुन्हा विचारलं. कोणीतरी "श्शू" केलं. बाबा उठले आणि काठी शोधू लागले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराआडून बारीक, खणखणीत आवाज आला, "मामाजी, तो म्हणते का मोठ्या राजपुत्राले गादी पाह्यजे, पण बापाचा जीव लहान्यावर हाये. आज त्याचा फैसला होनार हाये. बसा तुम्ही."

माझी आत्या पुटपुटली, "सासऱ्यापुढं तोंड उघडते हे पोरगी." वहिनीला आता काय ऐकावं लागणार, या धास्तीनं मी बाबांकडे पाहिलं. बाबा तसेच उभे. मग त्यांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. "हा बोलनारा तरी कुठं दिसते? तोबी आडूनच बोलून राह्यला न? मंग?" आणि खाली बसत दाराकडे न पाहता म्हणाले, "सांग वं पुढं. तुहं ऐकू येते मले."

तेव्हापासून तेच सुरू झालं. टीव्हीतला शुद्ध हिंदीत बोलायचा, वहिनी आडून त्याचं वऱ्हाडी करायची. पुढंपुढं ज्यांचे कान धड होते त्या बायाही स्वयंपाकघराजवळ सरकून बसू लागल्या. मी एकदा विचारलं, "वहिनी, एवढे अवघड शब्द तुला कसे गं समजतात?" ती भाकर थापता थापता म्हणाली, "अर्धे नाईच समजत. मंग मी जुळवून देतो."

जुळवण्याची खरी परीक्षा झाली ती लाइन गेली त्या दिवशी. धाकट्या राजपुत्रानं कट केल्याचं उघडकीला आलं होतं, सुरुवातीच्या आवाजानं आज न्याय होणार असं सांगितलं, आणि टीव्ही बंद पडला. लोक हळहळत उठायला लागले. बाबा म्हणाले, "बसा. सून सांगन." आतून आवाज आला, "मामाजी, पुढचं मले नाई माहीत." "तं जुळव," बाबा म्हणाले, "अन् बाहेर ये. एवढ्या लोकाईले आतून कसं ऐकू येईन?"

वहिनी उंबऱ्यापाशी आली. पदर सावरला, थांबली… मग बाहेर येऊन बंद टीव्हीच्या बाजूला बसली. पहिली वाक्यं अडखळत आली. नंतर राजा बोलू लागला, राणी रडू लागली, धाकट्यानं भावाचे पाय धरले, मोठ्यानं त्याला उठवून पोटाशी घेतलं. बाबांनी उपरण्यानं डोळे पुसले. आत्याही पुसत होती, पण मी पाहिलंय म्हटल्यावर डोळ्यांत कचरा गेला म्हणाली.

पुढच्या रविवारी मालिकेत धाकट्याला देशोधडीला लावल्याचं कळलं. अंगणात गलका झाला. वहिनीनं जीभ चावली. बाबांनी मात्र शांतपणे निकाल दिला, "टीवीवाल्यानं चुकवलं. आपल्या सुनेचं बरोबर होतं."

ती पुन्हा दाराआड गेली नाही; घरात कोणतीही मालिका लागली की टीव्हीशेजारी बसून सुरुवातीचं तीच सांगायची. गणपतीतल्या नाटकांच्या सुरुवातीला लाउडस्पीकरवरून मागची हकिकत सांगायला गावानं तिलाच बोलावलं, वर्षानुवर्षं. बाबांना पुढं काहीच ऐकू येईनासं झालं, तेव्हा ती त्यांच्या कानाशी बसून गावचं सांगायची. कोणाची गाय व्याली, कोणाच्या पोरीला स्थळ आलं… आणि ते मान डोलवायचे.

परवा सिंदी मेघ्याच्या माझ्या घरून रोहण्याला जाऊन आले. दादा आता नव्या रंगीत टीव्हीसमोर एकटाच बसतो. कसलीशी मालिका सुरू झाली, मागून कोणी बोलू लागलं, तोच दादानं रिमोट उचलून आवाज पार बंद केला. पडद्यावर नावं मुकाट सरकत राहिली. मी म्हटलं, "दादा, आवाज काऊन बंद केला?"

"सवय हाये, कुंदा," तो म्हणाला. "तो बोलत राह्यला तं तिचं ऐकू येत नव्हतं."

नावं संपेपर्यंत आम्ही दोघं पडद्याकडे पाहत राहिलो. मग त्यानं आवाज मोठा केला.